चीफचं हरीण

चीफ नारळ हातोडीने वाजवून घ्यायचे. खरीखुरी हातोडी, करंगळीच्या पेराएवढ्या डोक्याची, शर्टाच्या खिशात पेन आणि छोट्या बॅटरीशेजारी कायम असायची. जहाजाच्या इंजिनातला बोल्ट ढिला झालाय का, हे इंजिनियर लोक तसं वाजवून कानाने ओळखतात म्हणे. चीफ लिटल इंडियात तमिळ म्हाताऱ्याच्या दुकानात उभे राहून एकेक नारळ कानाशी धरायचे, टक टक करायचे, आणि आठ-दहा नारळ नापास झाले की एखादा पिशवीत टाकायचे. म्हातारा सुरुवातीला चिडायचा. पुढे पुढे तोच बाकीच्या गिऱ्हाइकांना नारळ दाखवून सांगायला लागला, "धिस वन, चीफ पास!"

तर हे चीफ म्हणजे आम्हा सिंगापुरातल्या मूठभर मराठी घरांचे भटजी. पोटाचा धंदा वेगळा. पंचवीस वर्षं बोटींवर काढून चीफ इंजिनियर झाले, मग किनाऱ्यावर उतरले आणि गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करायला लागले. लहानपणी चिपळूणकडे काकांच्या हाताखाली याज्ञिकी शिकलेले, आणि शिकलेलं विसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे नव्वदच्या पुढच्या त्या वर्षांत कुणाचा गणपती असो, वास्तुशांत असो, रविवारी चीफ हजर. यायचे ते गोदीतून सरळ, तेलाचे डाग पडलेल्या बॉयलर सूटमध्ये. न्हाणीघरात शिरायचे, आणि पाच मिनिटांनी ओलेत्याने, सोवळं नेसून बाहेर. आमची पोरं दाराशी उभी राहून टाळ्या वाजवायची. एक माणूस आत गेला आणि दुसराच बाहेर आला, असं त्यांना वाटायचं.

दक्षिणा घ्यायचे नाहीत. लिंबाच्या लोणच्याची एक बरणी, बस. तीही झाकण उघडून, वास घेऊन, "मुरलंय" म्हटल्यावरच.

आणि एक वही होती. जहाजावर इंजिनाची लॉगबुक असते ना, तशीच लांबट, निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पूजेची तीत नोंद. सुरू किती वाजता, संपली किती वाजता, आणि मग शेरा. आमच्या घरच्या पहिल्या सत्यनारायणाचा शेरा मी चोरून वाचला होता. "शंख: ठीक. समई: ठीक. शिरा: गोड किंचित जास्त. यजमानीण: बोलकी." आता यात खोटं काही नव्हतं, पण मी दोन दिवस घुम्यासारखी बसले होते.

चीफना एका शब्दाचा भयंकर राग होता. तो शब्द म्हणजे "चालतं". कुणी म्हटलं, "चीफ, दूर्वा नाही मिळाल्या, हे लॉनवरचं गवत चालतं का?" की चीफ हातातली पळी खाली ठेवायचे. "चालतं म्हटलं की पहिला बोल्ट ढिला झाला समजा," म्हणायचे. आणि त्याहून राग अक्षतांचा. तुम्हाला माहीतच आहे, पूजेत जे नसेल त्याच्या जागी अक्षता वाहायच्या, ही आपली जुनी सोय. वस्त्र नाही? वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि. दागिना नाही? त्याच्याही अक्षता. चीफना हे मंजूरच नव्हतं. "वहिनी, उद्या पिस्टन नाही म्हणून मी इंजिनात अक्षता टाकू?"

सेरंगूनला एक नवीन जोडपं आलं होतं, पुण्याचं, दोघंही कॉम्प्युटरवाले. बिचाऱ्यांनी सत्यनारायणाला केळीच्या पानाऐवजी चांदीसारखा चमकणारा स्वैपाकाचा कागद अंथरला होता. चीफनी वही उघडली, घड्याळ बघितलं, आणि मोठ्याने बोलत लिहिलं, "दहा चाळीस. पूजा स्थगित. कारण, पान नाही." आणि उठून निघून गेले. आम्ही वीस माणसं शिऱ्याचा वास घेत बसलो. दीड तासाने चीफ परत आले ते केळीचं अख्खं पान झेंड्यासारखं खांद्यावर घेऊन. पलीकडच्या ब्लॉकमधल्या मलय आजीच्या बागेतून तिची परवानगी काढून, तिचा बिघडलेला पंखा दुरुस्त करून आणलं होतं.

अशा माणसाला शत्रू किती असतील? पण नाही, सगळ्यांचा जीव होता त्यांच्यावर. शत्रू म्हणावा असा एकच, तो गोदीतला एक जपानी सुपरिंटेंडंट. साठीचा, ताठ, कमी बोलणारा. दुरुस्तीच्या मालाची तपासणी त्याच्याकडे. एकदा चीफनी मूळ कंपनीकडून पंपाचा एक भाग मागवला. खोकं पावसात भिजलं आणि वरचा शिक्का फिका पडला. आतला माल अस्सल. पण जपान्याने खोकं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "स्टॅम्प नॉट क्लिअर. नॉट अॅक्सेप्ट." जहाज दोन दिवस अडकलं.

"मला!" चीफ छातीवर बोट ठेवून सांगायचे. "मला म्हणाला नॉट अॅक्सेप्ट! उभ्या जन्मात ज्याने नकली वायसर बसवला नाही, त्याला!" या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. त्या जपान्याला चीफ 'शिक्केसान' म्हणायचे, सान म्हणजे जपानीत साहेब. गोदीत समोरासमोर आले तरी दोघं एकमेकांशी फक्त कागदावर बोलायचे.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे आमच्या मुलाची मुंज.

आमचे हे बोटीवर सेकंड इंजिनियर. नऊ-नऊ महिने पाण्यावर. मुलगा जन्मला तेव्हा हे ब्राझीलच्या कुठल्या तरी बंदरात होते. तो चालायला लागला ते यांना टेलिफोनवर कळलं. पहिला दात पडला तो मी पाकिटात घालून पाठवला, तर पाकीट पोचेपर्यंत दुसरा पडला. कधी तक्रार केली नाही त्यांनी. पण मुलगा आठ वर्षांचा झाला आणि सुट्टीवर आल्याआल्या हे म्हणाले, "बाकी सगळं चुकलं. गायत्री तरी त्याच्या कानात मीच सांगणार." मुंजीत तो मंत्र बापाने द्यायचा असतो ना. तर यांच्या सुट्टीत बसणारा मुहूर्त एकच होता, रविवारी सकाळी. आणि पुढच्या गुरुवारी ह्यांना बोटीवर हजर व्हायचं होतं. हा मुहूर्त गेला की परत बोट, परत नऊ महिने, आणि तेव्हा मुहूर्त असतीलच असं नाही. आमच्या थोरल्या पुतण्याची मुंज अशीच ढकलत ढकलत शेवटी त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी उरकली होती. मिशा असलेला बटू! फोटो बघवत नाही.

चीफनी यादी दिली. पळसाची काठी, मुंज गवताची मेखला, समिधा, सगळं. यादीच्या तळाशी लाल शाईत, "पर्यायी वस्तू आणू नये." एकेक वस्तू बोटीवरच्या लोकांकरवी, कुणाच्या आईकरवी येत गेली. बिशानच्या आमच्या ब्लॉकखाली, खांबांमधली जी मोकळी जागा असते, व्हॉइड डेक म्हणतात इथे, ती आम्ही घेतली. होमाची परवानगी चीफनीच काढली. वर स्वतःहून दोन लाल आगविझवणी आणून होमकुंडाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना द्वारपालासारखी उभी केली.

राहिलं एकच, अजिन. मुंजीत बटूच्या जानव्याला हरणाच्या कातड्याचा बोटभर तुकडा बांधतात, ते. आमच्या घरात काळविटाचं जुनं कातडं होतं, माझ्या सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचं. दर मुंजीला त्यातला एक तुकडा कापायचा. उरलेलं घेऊन सासूबाई पुण्याहून निघाल्या. बुधवारी आल्या. विमानतळावर मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "सूनबाई, हरीण गेलं."

झालं असं. मुंबईला विमानतळावर त्या अधिकाऱ्याने पिशवी उघडायला लावली. "माताजी, यह क्या है?" आता आमच्या सासूबाई आयुष्यात खोटं बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हरीण आहे." तो म्हणाला, "हरीण? कसलं?" सासूबाईंना वाटलं, नकली म्हणतोय की काय. तर ठसक्यात म्हणाल्या, "काळवीट! अस्सल आहे. हात लावून बघा." त्याने हात लावला आणि ठेवूनच घेतलं. कायदा आहे म्हणाला. त्याचंही बरोबर. वर म्हातारीचं वय बघून हात जोडून सोडून दिलं.

मी चीफना फोन केला. त्यांनी आधी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "कायदा मोडून मुंज नको. ते झालं ते बरंच झालं. काळवीट नाही तर नाही, साधं हरीण आणू. पण हरीण हवं."

"आणि नाही मिळालं तर? अहो चीफ, बोटभर तर तुकडा. त्याच्या जागी चिमूटभर..."

"वहिनी." इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "अक्षता म्हणू नका. अजिन नाही तर मुंज नाही."

फोन ठेवला आणि मी रडलेच. ह्यांनी एक युक्ती काढली. "बकरीचं कातडं आणतो. ढोलकीवाल्यांकडे मिळेल. चीफना सांगू हरीणच आहे." सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगा की. मला विचारलं तर मी बकरी म्हणणार." संपली युक्ती.

गुरुवारी सकाळी आठला दार वाजलं. चीफ. रजा टाकून आलेले. बॉयलर सूट, खिशात हातोडी, हातात एमआरटीचा, म्हणजे इथल्या लोकल गाड्यांचा नकाशा, त्यावर रंगीत पेन्सिलीने चौकोन पाडलेले. "वहिनी, चपला घाला. शिकारीला निघायचं."

"कुठे?"

"उत्तर-दक्षिण लाइन आज, पूर्व-पश्चिम उद्या. एवढं मोठं बंदर आहे. जगातली प्रत्येक वस्तू या बेटावरून जाते. हरीण काय आकाशातून जातं?"

ह्यांना कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणीला जायचं होतं. म्हणून मी निघाले. जन्मात झुरळ मारलं नव्हतं मी, आणि निघाले हरणाच्या शिकारीला, तेही एका कट्टर शाकाहारी माणसाबरोबर.

चायनाटाउनातल्या औषधांच्या दुकानांपासून सुरुवात केली. भिंतभर लाकडी खण, आणि काय तो वास! काउंटरमागे बनियनवरचे एक चिनी आजोबा. त्यांना इंग्रजी तुटकं, चीफचं इंग्रजी जहाजी. चीफनी शेवटी दोन्ही हात डोक्यावर नेले, बोटं फाकवली आणि शिंगं केली. आजोबा खूश. "आह, डिअर! व्हिच पार्ट यू वाँट?" आणि भराभरा खण उघडायला लागले. शिंगांचे काप. वाळकी शेपटी. दोरीसारखं काहीतरी. आणखी एका खणातून जे काढलं ते बघून चीफनी माझ्याकडे पाठ करायला सांगितलं.

"स्किन! ओन्ली स्किन!" चीफ ओरडले.

"स्किन डोन्ट हॅव. धिस वन बेटर. व्हेरी स्ट्राँग. फॉर यू, इज इट?"

"नो, नो. फॉर अ बॉय. एट इयर्स."

आजोबांचा चेहरा असा झाला, की मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी सगळे खण धडाधड बंद केले. "एट इयर्स? कॅनॉट लाह! सो स्मॉल! कॅनॉट, कॅनॉट!" आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की काय ही आई! बाहेर येऊन मी फुटपाथवर बसून हसले. चीफ हसले नाहीत. नकाशावरच्या एका चौकोनात त्यांनी फुली मारली.

त्या दिवशी किती दुकानं झाली मोजलं नाही. पर्सवाले, बूटवाले, फर्निचरवाले. प्रत्येक ठिकाणी चीफ डोक्यावर शिंगं करायचे आणि दुकानदार बैल आणून दाखवायचे. एका टॅक्सीवाल्या मलय काकांनी सुचवलं म्हणून प्राणिसंग्रहालयाला सार्वजनिक फोनवरून फोन लावला. चीफ अतिशय अदबीने म्हणाले, "गुड आफ्टरनून. मे आय नो, हॅज एनी डिअर एक्स्पायर्ड रिसेंटली?" पलीकडच्या बाईने फोन ठेवला. चीफ मला म्हणाले, "दुखवट्यात असतील."

शुक्रवारी पूर्व-पश्चिम. तेही कोरडंच. दुपारी एका हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, पाय सुजवून बसलो, लिंबाचं सरबत घेऊन. मी म्हटलं, "चीफ, रागावू नका. पण एवढ्याशा तुकड्यासाठी बापलेकाची ताटातूट? देव काय तुमच्यासारखा बॅटरी घेऊन बघणार आहे?"

चीफ बर्फ ढवळत राहिले. मग म्हणाले, "माझी मुंज चुलतभावाबरोबर झाली. एकाच मांडवात. वडील नव्हते मला. काकांनी केली, उपकारच होते. अजिनाचा तुकडा एकच होता. तो त्याच्या गळ्यात गेला. माझी पाळी आली तेव्हा काका म्हणाले, 'याला अक्षता चालतात.'" एवढंच बोलले. सरबत संपवलं, पेला धुवायच्या ठिकाणी नेऊन ठेवला. मीही पुढे एक अक्षर बोलले नाही. आणि मी बोलले नाही म्हणजे बघा.

शनिवार उजाडला. मांडवाला केळीचे खांब लागले, लाडू वळून झाले, पोराला उद्या काय होणार याची धास्ती. "आजी, बाल्ड करणार म्हणजे फुल बाल्ड? फ्रेंड्स विल लाफ, लाह!" घरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चीफ सकाळपासून जुरोंगच्या बाजूला कुठेतरी. हे गॅलरीत उभे, हातात ते गायत्रीचं पाठांतर. त्यांना येत नव्हती असं नाही. उगाच.

चारच्या सुमाराला मी कम्युनिटी क्लबात गेले, मोठी पातेली मागून आणायला. दोन बसथांबे लांब. तिथल्या हॉलमधून अशी आरडाओरड, की मला वाटलं मारामारी लागली. डोकावले तर निळ्या-काळ्या घोळदार कपड्यातली माणसं, तोंडाला जाळी, हातात बांबू, आणि एकमेकांच्या टाळक्यात हाणतायत. जपानी तलवारबाजी शिकवतात म्हणे दर शनिवारी. मी निघाले होते. पण कोपऱ्यात एक म्हातारा मांडी दुमडून बसला होता, आणि शिवत होता.

आता मी स्वतः ब्लाउज शिवणारी बाई. कुणी शिवताना दिसलं की माझे पाय थबकतात. जाडजूड हातमोजा होता, त्याच्या तळव्याचं फाटलेलं कातडं उसवून तो नवीन लावत होता. आणि टाके काय सुरेख! मी जवळ गेले, चप्पल काढून वाकले. मऊ, पिवळसर कातडं. मी बोट लावून विचारलं, "काऊ?"

म्हाताऱ्याने मान हलवली. सुई खाली ठेवली. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन, बोटं फाकवून, शिंगं केली.

पातेली राहिली तिथेच. मी धावत जाऊन टेलिफोनवरून चीफच्या पेजरला निरोप टाकला. पेजर कंपनीतल्या बाईने विचारलं, मेसेज काय? मी म्हटलं, "लिहा, डिअर फाउंड." ती म्हणाली, "डिअर हू?"

पाऊण तासात चीफ टॅक्सीतून उतरले. केस विस्कटलेले, बॉयलर सूटला घाम. मी त्यांना हाताला धरून हॉलच्या कोपऱ्यात नेलं आणि म्हटलं, "हे बघा!"

चीफ जागच्या जागी थिजले. म्हाताऱ्यानेही वर बघितलं आणि त्याच्या हातातली सुई थांबली.

"वहिनी," चीफ दात न उघडता म्हणाले, "हा शिक्केसान आहे."

अख्ख्या सिंगापुरात हरीण एकाच माणसाकडे, आणि तो हा! तीन वर्षं न बोललेली दोन माणसं एकमेकांकडे बघत उभी, मागे पोरं बांबू आपटतायत. चीफ वळून निघून जातील असं मला वाटलं. मी मराठीत म्हटलं, "चीफ, जायचं तर जा. पण मग घरी जाऊन ह्यांना स्वतः तोंडाने सांगा, उद्या मुंज नाही म्हणून."

चीफ गेले नाहीत. त्यांनी बूट काढले. जपान्यासमोर जमिनीवर बसले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी कागदाशिवाय बोलले. सावकाश, जहाजी इंग्रजीत सगळं सांगितलं. मुलगा, बाप, उद्याचा सूर्य, जानवं, हरीण. जपानी ऐकत होता. मध्ये एकदाच विचारलं, "गोट, नो?"

"गोट, नो," चीफ म्हणाले.

"नोबडी नो डिफरन्स."

"आय नो."

जपान्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मागच्या लाकडी पेटीतून कागदात गुंडाळलेली एक सुरळी काढली. कोरं कातडं, अजून सुईसुद्धा न लागलेलं. दोन्ही हातांनी चीफपुढे ठेवलं. चीफनी पहिल्यांदा वास घेतला. धुराचा वास होता. गवताच्या धुरात कमावतात ते, जपान्याने सांगितलं. "होमाआधीच धूर लागलाय," चीफ पुटपुटले. मग त्यांनी बाहेरचा कागद उलटा केला. त्यावर जपानी अक्षरांचा लाल शिक्का होता. कधी तरी दमट हवा लागून शाई फुटलेला. चीफनी खिशातून बॅटरी काढली, शिक्क्यावर मारली, डोळे बारीक केले.

"स्टॅम्प नॉट क्लिअर," चीफ म्हणाले.

देवा! मी मनात म्हटलं, मेलो आम्ही. आता हा माणूस ते कातडं उचलणार, पेटीत टाकणार, आणि माझा मुलगा लग्नाच्या आदल्या दिवशी मिशांसकट मुंज लावून घेणार. जपान्याच्या मानेची शीर ताठ झाली. त्याने चीफच्या हातातली बॅटरी घेतली. स्वतः शिक्क्यावर धरली. बराच वेळ बघितलं.

"नॉट क्लिअर," तो म्हणाला. खरं ते खरं. मग बॅटरी विझवली. "बट आय नो. थर्टी इयर्स, आय स्टिच. इट इज डिअर."

"पंपाचंही मला माहीत होतं," चीफ इंग्रजीत म्हणाले. "थर्टी इयर्स नाही. पण माहीत होतं."

जपान्याने बॅटरी खाली ठेवली. हात मांडीवर ठेवले आणि वाकला. नुसती मान नाही, कपाळ जवळजवळ जमिनीला लागेपर्यंत वाकला, आणि तसाच राहिला. मागची पोरं बांबू खाली करून बघत राहिली. चीफनी कातड्यावरून तळवा फिरवला, त्या फुटक्या शिक्क्यावर अंगठा ठेवला, आणि म्हणाले,

"चालतं."

मी दाराची चौकट धरली हो! कान फुटले की काय माझे? जपान्याने वर बघून विचारलं, "व्हॉट इज चाल्ता?"

चीफ म्हणाले, "अॅक्सेप्ट."

मग काय, दोघं मापाला भिडले. चीफ म्हणाले चार अंगुळं लांब. जपान्याने विचारलं, कुणाची अंगुळं? मुलाची. मुलगा कुठेय? मग मला घरी पिटाळून पोराला आणवलं. त्याची बोटं पोलादी पट्टीवर ठेवून मोजली. अर्ध्या मिलिमीटरवरून पाव तास वाद झाला, आणि दोघांच्या तोंडावर असा आनंद, की मुंज यांचीच आहे असं वाटावं. बाहेर पडल्यावर चीफनी फुटपाथवर उभं राहून आधी एमआरटीचा नकाशा चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि मग, मी खोटं सांगत नाही, दोन्ही हात डोक्यावर नेऊन शिंगं केली आणि माझ्या मुलाच्या मागे ब्लॉकपर्यंत धावले.

रविवारी मुंज लागली. बरोबर मुहूर्तावर, सेकंदाचा फरक नाही. मातृभोजनात माझ्या मांडीशी बसून पोराने शेवटचा घास खाल्ला, तेव्हा मी रडले, ते सगळ्याच आया रडतात. पण खरी रडले ती नंतर. चीफनी जानव्याला तो पिवळसर तुकडा स्वतः बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि बापलेकावर शाल टाकली. शालीच्या आत ह्यांचा आवाज. एकेक शब्द सावकाश, आणि मागून पोराचा बारीक आवाज. आठ वर्षांतलं सगळं चुकलेलं त्या शालीत मावलं होतं. सासूबाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघ, बकरी आणली असतीत तर!"

जपानी साहेब आले होते. काळा सूट, टाय, आणि आगविझवणीच्या शेजारी तिच्याइतकेच ताठ बसले होते. भिक्षावळीला सगळ्या बायका पोराच्या झोळीत तांदूळ घालत होत्या, तर हे उठून रांगेत उभे राहिले. खिशातून जपानी तांदळाची पुडी काढली, पोरापुढे वाकले आणि घातली. सासूबाईंनी त्यांना दोन लाडू वाढले आणि मराठीतच सांगितलं, "हरीण छान होतं हो तुमचं." ते म्हणाले, "हाय." जपानीत हाय म्हणजे हो.

जेवणं आटोपल्यावर चीफ खांबाला टेकून वही लिहीत बसले. सोवळं बदलून परत बॉयलर सूट. मी लोणच्याची बरणी घेऊन गेले आणि यावेळी चोरून नाही, खांद्यावरून उघड वाचलं. "समिधा: ठीक. मेखला: ठीक. बाप: ठीक. यजमानीण: बोलकी, उपयोगी." आणि खाली, "अजिन: अस्सल. शिक्का पुसट."

जपानी साहेबही वाचायला वाकले. मराठी त्यांना काय कळणार. पण चीफनी बोट ठेवून एकेक शब्द सांगितला. साहेबांनी मान हलवली. कोटाच्या आतल्या खिशातून लाखेची एक छोटी डबी काढली, तीत त्यांच्या नावाचा लाकडी शिक्का होता. तो लाल शाईवर दाबला, वहीतल्या त्या ओळीपुढे ठेवला, आणि वरून दोन्ही अंगठ्यांनी जोर दिला.

उचलला तेव्हा खाली गोल, लाल, कडक शिक्का उमटला होता. इतका स्पष्ट, की चीफनी बॅटरी काढली नाही.